न सांगता गेलेला प्रोग्रॅमर आणि पन्नास किलोमीटरचं कुंपण

प्रश्न : वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. माझं कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फाउंड्र्यांकडून कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून पुढं पाठवतो. चार व्हीएमसी, दोन सीएनसी (सगळी संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशिनं), चौदा माणसं. माझा प्रोग्रॅमर माझ्याकडं ३ वर्षं ४ महिने होता. आयटीआय करून आला तेव्हा त्याला ऑफसेट (मशीनला टूलचं माप देणं) घेता येत नव्हता, ते मी शेजारी उभं राहून शिकवलं. दुसऱ्या वर्षी पुण्याला सहा दिवसांच्या ट्रेनिंगला धाडला, १८ हजार फी मीच भरली. गेल्या महिन्यात १० तारखेला पगार झाला आणि ११ तारखेपासून गडी गायब. १२ला मेसेज आला, ‘साहेब उद्यापासून येणार नाही, घरगुती अडचण आहे.’ आठवड्यानं कळलं, घरगुती अडचण आमच्याच रस्त्याला चार शेड पुढं व्हीएमसीवर उभी आहे. माझ्याकडं ३२ हजार होते, तिथं ४१ आहेत.

ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलंय : ३ महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार. सोडल्यावर २ वर्षं ५० किलोमीटरच्या आत अशाच कामाच्या ठिकाणी नोकरी करायची नाही. मोडल्यास ५ लाख. त्याची सही आहे, झेरॉक्स सोबत जोडलीय. माझं म्हणणं असं की नोटीसच दिली नाही म्हणजे राजीनामा झालाच नाही, कागदोपत्री तो अजून माझाच माणूस आहे. त्याला तिथून उठवता येईल का? ५ लाख मिळतील का? त्याच्या जागी नवीन मुलगा घेतलाय, पण बावीस दिवस बाहेरून प्रोग्रॅमर आणावा लागला, रोज दीड हजार दिले. एका गिऱ्हाइकानं माल उशिरा गेला म्हणून १४,६०० रुपयांची डेबिट नोट लावली, म्हणजे तेवढे बिलातून कापले.
— एक लघुउद्योजक

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि झेरॉक्स तीनदा. आधी झेरॉक्सचं सांगतो. पान ४ वर, कलम ११ मध्ये, तुमच्या फर्मच्या जागी कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीचं नाव तसंच राहून गेलंय. कलम १६ म्हणतं की वाद झाला तर तो बेंगळुरूच्या कोर्टात चालेल. सही फक्त शेवटच्या पानावर आहे, आणि स्टॅम्प पेपरची तारीख पोरगं कामाला लागल्यानंतर आठ महिन्यांची. कुणीतरी कुणाचातरी मसुदा पेन ड्राइव्हवर दिला आणि तुम्ही वरचं नाव बदलून प्रिंट मारली, असा माझा अंदाज आहे. एवढ्यानं दावा बुडत नाही. पण समोरचा वकील उलटतपासणी पान ४ पासूनच सुरू करेल. मी तिकडून असतो तर मीही तेच केलं असतं.

आता ५० किलोमीटर. गोकुळ शिरगावावर कंपासचं टोक ठेवा आणि वर्तुळ काढा. उद्यमनगर, शिरोली, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, हुपरी, इचलकरंजी, जयसिंगपूर, सांगली-मिरज, खाली निपाणी, सगळं आत येतं. व्हीएमसी चालवणाऱ्या पोरानं मग जायचं कुठं? गगनबावड्याच्या पलीकडं चहाची गाडी लावायची?

तुमच्या-माझ्या आजोबांच्याही आधीचा, १८७२चा भारतीय करार कायदा आहे. त्यातलं कलम २७ असं की कुणालाही रीतसर धंदा, व्यवसाय, उद्योग करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. इंग्लंडमध्ये असं बंधन ‘वाजवी’ असेल तर कोर्ट ते चालवून घेतं. आपल्या कलमात ‘वाजवी’ हा शब्दच नाही. त्यामुळं २ वर्षं जास्त होतात म्हणून १ करू, ५० किलोमीटर जास्त म्हणून १० करू, असला मोलभाव नोकरी सुटल्यानंतरच्या बंदीबाबत चालत नाही. कलमातच एक अपवाद ठेवलाय. कुणी आपली मिसळीची गादी नावासकट, गिऱ्हाइकासकट विकली, तर विकत घेणारा त्याला ‘शेजारच्या गल्लीत पुन्हा कट तापवायचा नाही’ असं वाजवी मर्यादेत बांधून घेऊ शकतो. तुमच्या प्रोग्रॅमरनं तुम्हाला काही विकलेलं नाही.

या कलमावरचा एक जुना निकाल मला फार आवडतो. कलकत्ता, १८७४. एकाच वस्तीत दोन दुकानदार, धंदा एकच. एकाला दुसऱ्याची स्पर्धा सोसवेना. तो म्हणाला, तू इथलं दुकान बंद कर, तू कामगारांना दिलेली सगळी उचल मी भरतो. दुसऱ्यानं दुकान बंद केलं, पहिल्यानं पैसे दिले नाहीत. कोर्टात गेल्यावर दुकान बंद करणाराच हरला, कारण धंदा बंद करण्याचा करारच मुळी रद्दबातल, त्याचे पैसे कसले मागता? कामगारांची उचल दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातही होती, हे वाचून मला जरा घरच्यासारखं वाटलं होतं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर श्रीरामपूरच्या आपल्या झहीर खानचं घ्या. जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा ३ वर्षांचा करार होता. त्यात एक अट अशी की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, आम्ही तेवढेच पैसे दिले तर आमच्याकडंच राहायचं. मुदत संपल्यावर तो दुसरीकडं गेला. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं की करार संपल्यानंतरची ही अडवणूक कलम २७ प्रमाणं रद्दबातल आहे. तो नोकर नव्हता, पण सूत्र तेच.

तुम्ही एखाद्या वकिलाकडं गेलात तर तो तुम्हाला १९६७चा गोलीकरी खटला दाखवेल आणि म्हणेल, बघा, मालक जिंकला होता. खरंच जिंकला होता, म्हणून तोही नीट बघू. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचा (टायरला बळकटी देणारा) धागा तयार व्हायचा, त्याचं तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं. गोलीकरी हे तिथले शिफ्ट सुपरवायझर, ५ वर्षांचा करार, आणि त्या ५ वर्षांत दुसरीकडं तसलं काम करायचं नाही ही अट. दोन वर्षं व्हायच्या आत ते जास्त पगारावर कोटा इथल्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. सर्वोच्च न्यायालयानं मनाई कायम ठेवली. पण ती मूळ ५ वर्षं संपेपर्यंतची, आणि फक्त टायर कॉर्डच्या कामापुरती. करार चालू असताना बांधणं वेगळं आणि करार सुटल्यावर बांधणं वेगळं, सगळी मेख इथं आहे. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये ठरावीक मुदतच नाही. नोटीस देऊन कधीही सोडता येईल अशी साधी नोकरी आहे ती.

म्हणूनच तुम्ही ‘तो अजून माझाच माणूस’ हा मुद्दा काढलाय. मुद्दा हुशारीचा आहे, हे मान्य. पण तुमचा माणूस म्हणालात की त्याचा पगार चालू, पीएफ चालू. तो तुम्ही भरताय का? त्याच्या जागी नवीन मुलगा घेतल्याचं तुमच्याच पत्रात आहे. शिवाय, समजा मान्य केलं, तर ते फार तर नोटिशीच्या ३ महिन्यांपुरतं. त्यातले किती उरलेत? आणि त्या काळातही कोर्ट त्याला ‘जा, गोकुळ शिरगावात जाऊन मशीनवर उभा राहा’ असा हुकूम करणार नाही. अंगमेहनतीची, व्यक्तिगत कौशल्याची नोकरी जबरदस्तीनं करवून घेता येत नाही, हे १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात, म्हणजे स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये, आहे. (हा मराठी शब्द ज्यानं घडवला त्याला एकदा बार रूममध्ये चहाला बोलवायचं आहे.)

थोडं घरचं सांगतो. माझ्या वडिलांचं उद्यमनगरात तीन लेथचं वर्कशॉप होतं. काळ्या रेक्झिनची डायरी, त्यात प्रत्येक टर्नरच्या नावानं उचल. जोतिबाची यात्रा झाली की एखादा परत यायचाच नाही. वडील आठवडाभर वाट बघायचे, मग लुना काढून वडणग्याला त्याच्या घरी जायचे. चहा प्यायचे, त्याच्या आईची विचारपूस करायचे, पैशाचा विषय उठताना काढायचे. निम्मी उचल हातात यायची, निम्मी डायरीत राहायची. त्यातले दोघं-तिघं पुढच्या दिवाळीला परत कामावर आले. मी तेव्हा नुकताच वकील झालो होतो. भाऊसिंगजी रोडच्या जुन्या कोर्टात उमेदवारी करत होतो, त्याच इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. अंगात कायदा नवा होता. म्हणालो, नाना, दावा लावू. ते म्हणाले, ‘लाव की. तारखेला मी येऊ का लेथवर उभा राहू?’

तर पैसे. इथं तुमची बाजू अगदीच पडकी नाही. ५ लाखांचा आकडा विसरा. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणं करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. कोर्ट त्याच्या आत, वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. ३२ हजार पगाराच्या माणसाला ५ लाख हा दंड आहे, भरपाई नव्हे, असंच कुठलंही कोर्ट म्हणेल. नोटिशीऐवजी पगार हे कलम मात्र टिकण्यासारखं आहे. ३ महिन्यांचे ९६ हजार. पण तुमच्या ॲग्रीमेंटचं कलम ७ बघा : त्यानं सोडायचं तर ३ महिने, तुम्ही काढायचं तर १ महिना. हा दुजाभाव समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत दाखवेल.

प्रत्यक्ष नुकसान मोजू. बाहेरचा प्रोग्रॅमर २२ दिवस, ३३ हजार. त्या २२ दिवसांचा याचा पगार तुमचा वाचला, तो वजा करा : साधारण साडेतेवीस हजार. उरले साडेनऊ. त्यात डेबिट नोट १४,६००, तीही त्याच्या जाण्यामुळंच लागली हे दाखवता आलं तर. चोवीस हजारांच्या आसपास. ट्रेनिंगचे १८ हजार सोडून द्या. त्याबद्दल वेगळी लेखी अट नव्हती आणि त्यानंतर त्यानं तुमच्याकडं वर्षाहून जास्त काम केलंय. म्हणजे नोटिशीच्या कलमावर मागायचं म्हटलं तर कागदावर ९६, हिशेबानं २४, आणि माझ्या अंदाजानं तडजोड एका महिन्याच्या पगाराच्या आसपास होईल.

आणि हो, तो गेला त्या महिन्यातले त्याचे दहा दिवस तुमच्याकडं अडकलेत, जवळपास १०,७०० रुपये. ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झालीय. राजीनामा दिलेल्या माणसाचा शेवटचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं ती सांगते. पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्यात आहे, आणि सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळं ‘नोटिशीत वळते करून घेतले’ म्हणून ते दहा दिवस परस्पर गिळू नका. द्या, पोच घ्या, आणि तुमची मागणी वेगळ्या पत्रानं करा. दावा लावायचाच ठरला तर करारभंगापासून ३ वर्षांची मुदत आहे, घाई नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पत्रात विचारलीच नाही : त्यानं जाताना काय नेलं? ऑफसेट घेण्याची, टूल निवडण्याची, सायकल टाइम कमी करण्याची समज त्याच्या हातात बसलीय. ती त्याची, तुम्ही शिकवली असली तरी. पण तुमच्या जॉबचे प्रोग्रॅम, फिक्श्चरची ड्रॉइंग, गिऱ्हाइकाचे रेट, गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेली ड्रॉइंग, हे त्याचं नाही. मशीनचा बॅकअप बघा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून शेवटच्या आठवड्यात कुठं मेल गेले ते बघा, कपाटातले पेन ड्राइव्ह मोजा. परवानगीशिवाय डेटा कॉपी केला असेल तर २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाई मागता येते, आणि तो वापरू नये म्हणून कोर्टाची मनाईही मिळू शकते. नुसत्या संशयावर पोलिस स्टेशनची पायरी मात्र चढू नका. पोरगं घाबरून परत येईल म्हणून चोरीची तक्रार ठोकणारे मालक मी पाहिलेत. शेवटी जबाब त्यांचेच झाले.

नव्या मालकाला पत्र लिहायला हरकत नाही. मजकूर तीन ओळींचा : हा मुलगा आमच्याकडं होता, नोटीस बाकी आहे, आमचे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग तुमच्याकडं वापरले जाऊ नयेत. ‘फसवणूक’, ‘विश्वासघात’ हे शब्द नकोत. उद्या गोशिमाच्या (गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या संघटनेच्या) बैठकीत त्यांच्याच शेजारी बसायचंय तुम्हाला.

नवीन मुलाचं ॲग्रीमेंट तरी मराठीत करा. दोन पानांचं, प्रत्येक पानावर सही, आणि रुजू होण्याच्या दिवशीच. नोटीस दोन्ही बाजूंना ३० दिवस. किलोमीटरचं कलम काढूनच टाका, त्यामुळं बाकीचा कागदही दादागिरीचा दिसतो. ट्रेनिंगला पाठवणार असाल तर त्याचा वेगळा कागद : प्रत्यक्ष खर्च किती, त्याबदल्यात किती महिने थांबायचं, आणि दर महिन्याला ती रक्कम कशी उतरत जाईल. असा बाँड चालतो. विजया बँकेनं ३ वर्षं थांबा, नाहीतर २ लाख भरा, असा बाँड घेतला होता. त्या अधिकाऱ्यानं पैसे भरले, दुसऱ्या बँकेत गेला आणि मग कोर्टात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाँड वैध धरला. कारण तो माणसाला दुसरीकडं जायला मना करत नव्हता, मुदतीआधी सोडण्याची किंमत तेवढी सांगत होता. मात्र ती सरकारी बँक होती, भरतीची मोठी खर्चिक प्रक्रिया तिला पुन्हा करावी लागते, हे कोर्टानं लक्षात घेतलं. तुम्ही तोच आकडा चौदा माणसांच्या शॉपला लावू नका.

बाकी ३२ आणि ४१ मधला फरक कुठल्याच कलमात बसत नाही. चार शेड पुढचा माणूस ४१ देऊ शकतो, याचा विचार नवीन मुलगा पक्का व्हायच्या आधी करा.

प्रश्न : इचलकरंजीच्या एका प्रोसेसमध्ये (कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात) ७ वर्षं कामाला होतो. आईचं ऑपरेशन निघालं म्हणून ३० दिवसांऐवजी १२ दिवसांचीच नोटीस देऊन सोडलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० होते. मालक म्हणतात, नोटीस पुरी केली नाहीस, ग्रॅच्युइटी विसर.
— एक वाचक, शहापूर

उत्तर : विसरू नका. ग्रॅच्युइटी रोखण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत : मालमत्तेचं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं केलेलं नुकसान, हाणामारी, कामावर असताना केलेला नैतिक अधःपतनाचा गुन्हा, आणि त्या कारणावरून मालकानं कामावरून काढलेलं असणं. तुम्ही स्वतः सोडलंय, १८ दिवस नोटीस कमी पडली एवढंच. त्या १८ दिवसांचा पगार मालक वेगळा मागू शकतात, मागू द्या. हिशेब असा : १८,२०० भागिले २६ म्हणजे ७००, गुणिले १५ म्हणजे १०,५००, गुणिले ७ वर्षं म्हणजे ७३,५०० रुपये. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याज. मालकाला लेखी मागणी करा, तरी हलले नाहीत तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करा. पगाराच्या जुन्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक सोबत न्या. आईंची तब्येत आता बरी असेल.

प्रश्न : माझी मुलगी राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये कामाला आहे. रुजू होताना तिची पदवीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. आता सोडायचं म्हणते तर ‘२ वर्षं झाल्याशिवाय कागद मिळणार नाहीत’ म्हणतात.
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, प्रमाणपत्र मुलीचं आहे. नोटिशीचे पैसे बाकी असले तरी ते तारण म्हणून दाबून ठेवण्याचा हक्क क्लिनिकला नाही. तिनं रीतसर नोटीस द्यावी, तारीख घालून, आणि त्याच पत्रात ठेवून घेतलेल्या प्रत्येक कागदाचं नाव लिहून सात दिवसांत परत मागावेत. पत्र हातानं दिलं तर पोच घ्या, टपालानं पाठवलं तर पोचपावतीसह. आपली जुनी रजिस्टर एडी २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालीय, काउंटरवर तसं सांगा. बहुतेक ठिकाणी वकिलाची गरज पडायच्या आत पाकीट हातात येतं. आलं नाही तर पत्राची प्रत आणि पोच घेऊन या. मी दुपारी तीननंतर कसबा बावड्याच्या कोर्टात असतो.